एक पातेलं आम्ल, दोन चमचे सोडा

केमिस्ट्री मला उत्तम येते. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आमची इरा दहावीत. आम्ल-अल्कलीची समीकरणं जुळवण्याच्या चाचणीत ती सपशेल आपटली आणि सोमवारी फेरपरीक्षा ठरली. पोर दोन दिवस धड जेवली नव्हती. "मला नाहीच जमणार," एवढंच म्हणायची. माझा जीव तुटत होता.

रविवारी सकाळी मी शिकवायला बसलो. सल्फ्युरिक ॲसिड एक, तर सोडियम हायड्रॉक्साइड दोन, तरच दोन्ही बाजू जुळतात, हे मी (पुस्तकात बघून) तोंडपाठ म्हणून दाखवलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

तेवढ्यात बायकोने आतून सांगितलं, की उकाड्याने इडलीचं पीठ भलतंच आंबलंय. मला स्फुरण चढलं! आंबट पीठ म्हणजे आम्ल, खायचा सोडा म्हणजे अल्कली. पोरीला प्रात्यक्षिकच दाखवू!

बायको म्हणाली, "सोडा स्वल्प घाला हं, चिमूटभर." (स्वल्प! शास्त्र असं अंदाजपंचे चालतं होय?) मी ओट्यावर पुस्तक उघडं ठेवलं आणि जाहीर केलं, "आम्ल एक, अल्कली दोन. एक पातेलं, दोन चमचे!"

चमचे मी घेतले ते पंगतीत वाढायचे, मोठे. पीठ फसफसून ओट्यावर, तिथून शेगडीवर आणि तिथून माझ्या पायांवर आलं. उरलेल्या पिठाच्या इडल्या पिवळ्याजर्द झाल्या, चव थेट साबणाची. वरच्या मजल्यावरच्या जयाअक्का नेमक्या नाश्त्याला आल्या होत्या. छान झाल्यात म्हणत त्यांनी अर्धी इडली चार ग्लास पाण्याबरोबर संपवली.

इरा मात्र पुस्तक आणि पातेलं आळीपाळीने बघत होती. मग हळूच म्हणाली, "अप्पा, सल्फ्युरिकचे दोन हायड्रोजन सुटतात, म्हणून तिथे दोन लागतात. पिठात लॅक्टिक ॲसिड असतं, त्याचा एकच सुटतो. आणि ते एक-दोन म्हणजे कण हो! पातेली आणि चमचे नव्हेत." वही ओढून तिने मलाच दहा समीकरणं समजावली. मला सात कळली. त्या दुपारी ती पोटभर जेवली. (इडल्या नव्हे, भात.)

फेरपरीक्षेत वीसपैकी वीस! शाळेने बोलावलं नव्हतं, तरी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. एका आठवड्यात एवढा फरक पडला कसा, असं मॅडमनी इराला विचारलं. मी कॉलर नीट केली.

इरा म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात मी एकटीच ढ आहे, असं मला वाटायचं."