सुमित्राअक्का आणि रिकाम्या फाइली

"कॉम्प्युटर फार हळू चालतोय," असा फोन आला की आमच्या मल्लेश्वरमच्या ऑफिसात सगळे एकच सांगायचे, "बंद करून चालू करा." सुमित्राअक्का मात्र खुर्ची पुढे ओढत म्हणायच्या, "रडणाऱ्या पोराला नुसतं झोपवून काय होणार? उठलं की पुन्हा रडेल. स्वल्प थांबा, त्याला काय हवंय ते बघूया."

अक्कांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं; 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'ठीक'ला 'सरी' म्हणणारं. मी नागपूरहून नवीन आलेली, नोकरी अजून कच्ची. डोळ्यांच्या दवाखान्यांसाठी रुग्णांचे फोटो साठवणारी सिस्टीम आम्ही सांभाळायचो आणि ती महिन्यागणिक मंदावत चालली होती. डॉक्टर स्क्रीनकडे बघत बसत. बाहेर माणसं डोळ्यांत औषध घालून ताटकळत.

एकदा मॅनेजरनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "तू आल्यापासूनच हे कसं सुरू झालं?"

अक्का म्हणाल्या, "आपल्या गल्लीतला खड्डाही ही आल्यावरच पडला, सर. तोही हिनंच खणला का?"

मग आम्ही दोघी तपासायला बसलो. डिस्क ठणठणीत, जागा भरपूर. अक्कांनी नुसते फोटो एका नव्या फोल्डरमध्ये उतरवले. तिथून ते झटकन उघडले. म्हणजे दुखणं जुन्या फोल्डरमध्येच होतं. त्यातली यादी मागवली तर ती संपेचना. फोटोंच्या मध्ये लाखो रिकाम्या फाइली! फोटो साठवताना एक छोटा प्रोग्राम 'काम चालू आहे' एवढी खूण म्हणून रिकामी फाइल बनवायचा आणि काम झाल्यावर ती तशीच ठेवायचा. एकेका फोटोसाठी सिस्टीम तो सगळा ढीग उपसत होती.

अक्कांनी तो प्रोग्राम उघडला. वरच लिहिणाऱ्याचं नाव होतं: सुमित्रा.

त्या लवकरच विभागप्रमुख होणार होत्या.

"अक्का, गुपचूप पुसून टाकू," मी पुटपुटले. "कुणाला कळणार नाही."

"सरी, फाइली पुसल्या जातील. तुझ्यावरचा आळ कशानं पुसायचा?"

आणि त्या तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. आतून आवाज चढलेला ऐकू आला. मी दाराबाहेर उभी होते. जेमतेम ओळखीच्या मुलीसाठी कुणी असं करतं?

त्या बाहेर आल्या.

"अक्का?"

"प्रमुखपद गेलं," त्या म्हणाल्या. "आईनं सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय गं." मग खुर्चीत बसून त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "माझे हात चालत नाहीयेत. तू पुसायला घे. दवाखान्यात माणसं खोळंबलीत."