उस्तादांचा राजीनामा

लातूरच्या आमच्या बंद पडलेल्या फुटबॉल क्लबाची स्मरणिका निघते आहे. तिच्यात उस्तादांबद्दल एकच ओळ जाणार आहे: 'प्रकृतीच्या कारणाने त्यांनी स्वखुशीने राजीनामा दिला.' ती क्लबाच्या इतिवृत्ताच्या वहीतून घेतली आहे. वहीत ती माझ्या अक्षरात आहे. मी क्लबाचा सेक्रेटरी होतो, आणि ती ओळ खोटी आहे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांवर पाट्या लागत होत्या आणि त्यांतल्याच एका कचेरीत मी कारकून होतो. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. मैदानाला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. चेंडू भेगेवर आपटला की कुठं उडेल, सांगता येत नसे. उस्ताद टांग्याच्या घोड्यांचा साज शिवत. क्लबाचे उसवलेले चेंडू तेच शिवत आणि पोरांना खेळ शिकवतही तेच. त्या वर्षी त्यांनी सराव निम्म्यावर आणला. पोरं पहाटेपासून टँकरची वाट बघत घागरी घेऊन उभी असत.

"पानी भरके आया बच्चा, उसकू और क्या दौडाना?" ते म्हणत.

नांदेडला जाऊन आम्ही पाच गोल खाल्ले. मग हदगावच्या संघाकडूनही हरलो. उस्ताद थकले, अशी कमिटीत कुजबुज सुरू झाली. त्यात नव्या जिल्ह्याच्या संघटनेत नाव नोंदवायलाही क्लबाजवळ पैसा उरला नव्हता. शेवटी आम्ही एका डाळ मिलच्या शेठकडं गेलो.

"देतो की," शेठ म्हणाले. "पण गोल खाऊन खाऊन तुमच्या पोरांची पोटं सुटलीत, सेक्रेटरीसाहेब. दुष्काळात एवढं खाणं बरं न्हाई. आधी म्हातारा बदला. आमचा भाचा कोचिंग शिकून आलाय."

सगळे हसले. मीही हसलो.

उस्तादांना सांगायचं काम माझ्यावर आलं. नीट सांगायचं ठरवूनच मी त्यांच्या दुकानी गेलो. पण त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं.

"झगडा नक्को, मुन्शीजी," ते म्हणाले. "मानधन न्हाई दिलं तरी चालंल. एवढा सीझन माझ्याकडं राहू द्या. कमिटीसंगं आपन राजीनामा करून टाकू."

इथं या शब्दाबद्दल सांगायला हवं. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचं पत्र. उर्दूत त्याचा अर्थ, दोन्ही बाजूंनी राजी होऊन केलेला समझोता. निजामाच्या कोर्टकचेऱ्यांत तोच चाले. उस्ताद मराठी बोलत, पण त्यांना ती वाचता येत नसे. माझ्या पहिल्या इयत्ता निजामाच्या राज्यात, उर्दूत झाल्या होत्या. ते काय मागतायत, ते मला पुरतं कळलं होतं.

"हाव उस्ताद," मी म्हणालो, "राजीनामाच करू."

दुसऱ्या दिवशी कागद लिहून नेला.

"क्या लिखे?"

"राजीनामा."

तोंडानं मी खोटं बोललो नव्हतो. त्यांनी दोऱ्याचं मेण लागलेली बोटं पुसली, उर्दूत सही केली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून शुक्रिया म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते गळ्यात शिट्टी घालून मैदानावर आले. शेठचा भाचा पोरांना रांगेत उभं करत होता.

"उस्ताद, राजीनामा दिला न्हवं? मग आराम करा की घरी," आमचा गोलकीपर म्हणाला.

"दिया नै, किया," उस्ताद म्हणाले. "राजीनामा किया. पूछो मुन्शीजीकू."

पोरं फिदीफिदी हसली. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं मराठी चुकतंय. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"सही तुमचीच आहे, उस्ताद," मी म्हणालो.

ते वळले आणि निघून गेले. नंतर रस्त्यात भेटले तरी सलाम करायचे. ते मला फार जड जायचं.

क्लबासाठी केलं, असं मी स्वतःला समजावत आलो. पण दोन वर्षांत शेठचा उत्साह संपला, भाचा दुसऱ्या धंद्याला लागला आणि क्लब मिटला. आजही पेपरात कुणा मंत्र्याचा राजीनामा छापून आला की मी पेपर घडी घालून ठेवतो. 'दिया नै, किया' हे उस्तादांच्याच आवाजात ऐकू येतं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी घरी आली. शाळेतून निवृत्त झालेली.

"शेवटपर्यंत अब्बा म्हणायचे, मी क्लब सोडला नाही," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, वयानं भ्रम झालाय. आम्ही त्यांना गप्प बसवायचो."

शब्दाचा कसा घोटाळा झाला, ते मी तिला समजावून सांगायला लागलो. तिनं मध्येच थांबवलं.

"मी मराठीच शिकवत होते, सर. दोन्ही अर्थ मला ठाऊक आहेत. त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होते का, एवढंच विचारायला आलेय."

"फार जुनी गोष्ट," मी म्हणालो. "आठवत नाही."

ती चहा न घेता गेली.

आठवतं, बाई. ठाऊक होते.