आशियात दोनदा दुसऱ्या

तारीख ६ जुलै २०२५, रविवार. रक्कम दोन हजार चारशे रुपये. हजर माणसं चार: मी, बायको, आमची अकरावीतली मुलगी आणि आष्टीहून आलेला तिचा मामा. एकादशी होती, म्हणून ताटात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मुलीनं माझ्या ताटाशेजारी एक फॉर्म ठेवला. नगरला मुलींच्या फुटबॉलचं दहा दिवसांचं निवड शिबिर होतं. फी गुरुवारपर्यंत भरायची आणि खाली पालकाची सही.

आदल्या दिवशी भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात दोन-एकनं हरवून आशिया चषकात जागा मिळवली होती. ती बातमी मी सकाळपासून तीनदा ऐकली होती.

मी शाळेत लिपिक आहे. कुठल्याही कागदाला आधीचा कागद मागायची सवय आहे. मुलीलाही तसंच विचारलं, की आपल्याकडं मुलींच्या फुटबॉलला मागं काही आहे का. मामाला तेवढंच हवं होतं. "दाजी, गुडघा फोडून घरी बसंल ती. मग स्थळं बघताना गुडघ्याचं काय सांगायचं?"

मुलगी मामाकडं न बघता म्हणाली, की आपल्या बायका आशियात दोनदा दुसऱ्या आल्या होत्या. एकदा १९८० च्या आसपास, एकदा १९८३ ला.

त्र्याऐंशी म्हटल्यावर मात्र मला राग आला. त्या वर्षी मी आठ वर्षांचा होतो. क्रिकेटच्या अंतिम सामन्याचे आकडे, आपले १८३ आणि त्यांचे १४०, मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते आणि आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. त्याच वर्षी असं काही झालं असतं तर मला कळलं नसतं का? तिनं मोबाईल पुढं केला. मी पाहिला नाही. म्हणालो, "सहीसाठी खोटं बोलू नको."

तिनं फॉर्म उचलला आणि आत गेली. भगर तशीच राहिली. बायकोनं मला आणि मामाला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

सोमवारी कार्यालयात मी स्वतः शोधलं. मुलीनं सांगितलं तेच निघालं. तरी एका ठिकाणी वाचलेलं मी धरत नाही. म्हणून मंगळवारी पाटोद्यातल्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांकडं गेलो. ते म्हणाले, बरोबर आहे, दोनदा दुसऱ्या आणि मधे एकदा तिसऱ्या. पेपरात कधी आलंच तर चार ओळी यायच्या. पैसा नसायचा, बऱ्याच मुली पदरमोड करून खेळायच्या, असं त्यांच्या कानावर होतं. पुढं १९९१ साली बायकांचा पहिला विश्वचषक भरला, तेव्हा सामना ऐंशी मिनिटांचाच ठेवला होता. पुरुषांचा नव्वद.

"दहा मिनिटं कावून कमी?" मी विचारलं.

"दमतील म्हणून," सर म्हणाले. "त्यांना कुणी विचारलं नसंल."

घरी येताना गाडीवर मला तो पुठ्ठा आठवत होता. मी आकडे लिहिले ते खरेच होते. पण जे माझ्यापर्यंत पोचलं नाही ते घडलंच नाही, असं मी बेचाळीस वर्षं धरून चाललो होतो.

मुलगी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. मी म्हणालो, तुझं बरोबर होतं, फॉर्म आण, सही करतो. तिनं कपड्यांच्या घड्या चालूच ठेवल्या. तिला शिबिराला जायचंच नव्हतं म्हणे आता.

"मामासमोर मला खोटी म्हनलात नव्हं. मग मामासमोरच सांगा."

मामा आष्टीला परत गेला होता. मी फोन लावून स्पीकर सुरू केला. म्हणालो, रविवारी मी हिला खोटी म्हणालो. ती खरं बोलत होती, मलाच माहीत नव्हतं.

"बरं," मामा म्हणाला. "पर दुसऱ्याच आल्या की. दोन्ही फायनल हारल्या."

मुलगी फोनजवळ आली. "मामा, त्र्याऐंशीला थायलंडनं हरवलं. शनिवारी त्यांनाच हरवलंय."

"बेचाळीस वर्षांनी?"

"लई उशीर झाला का?"

मामा हसला आणि म्हणाला, गुडघ्याला पट्टी बांधून खेळ मग. तिनं फॉर्म आणला. मी सही केली, खाली तारीख घातली, ८ जुलै.

गुरुवारी दोन हजार चारशे रुपये शिबिराच्या सरांना भरले आणि पावती घेतली. शनिवारी सकाळी पाटोद्याहून नगरची एसटी धरली. मी सोबत गेलो. बुटांची पिशवी तिनं वर ठेवू दिली नाही, मांडीवरच घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहे. माझे एकशे बासष्ट, तिचे एक्क्याऐंशी, मिळून दोनशे त्रेचाळीस रुपये कंडक्टरला दिले.