सगुणाबाईंचं जुनंच कार्ड

नववर्षाच्या सकाळी कल्याणजवळच्या मोहन्यातल्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत उपासना संपली, की केक आणि चहाच्या आधी एक स्टीलचं ताट फिरतं. ताटात घडी घातलेली कार्डं असतात आणि प्रत्येक कार्डावर पवित्र शास्त्रातलं एक वचन. डोळे मिटायचे, एक उचलायचं, मोठ्यानं वाचायचं आणि देवानं वर्षभरासाठी आपल्याला हेच दिलं असं मानून घरी फ्रिजवर लावायचं. कुणाला शांतीचं वचन येतं, कुणाला रोजच्या भाकरीचं. मनासारखं आलं नाही म्हणून हळूच दुसरं उचलणारेही आहेत. मंडळी झाली तरी शेवटी माणसंच.

सगुणाबाई पाटोळे मात्र ताट पुढ्यात आलं की ते तसंच पुढे सरकवतात. "माझं जुनंच चालू आहे अजून," म्हणतात. जुन्या कुकरची गॅरंटी संपेपर्यंत नवा कशाला, असा एकूण आविर्भाव. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी कुजबुजले, पुढे सवय झाली. आता ताट घेऊन येणारी मुलं त्यांना आपोआप वगळतात.

सगुणाबाई नगरकडच्या. लग्न होऊन मोहन्यात आल्या तेव्हा नवरा, सखाराम, रेयॉनच्या कंपनीत होता. कंपनी बंद पडली आणि सगुणाबाईंचं शिलाई मशीन सुरू झालं. निम्म्या आंबिवलीचे ब्लाउज त्यांनी शिवले, मुलाला, आनंदला, इंजिनिअर केलं. कामात हात साफ, स्वभाव मात्र करकरीत. शिवण चुकली तर शंभरदा उसवतील, पण तोंडातून गेलेला शब्द उसवायच्या नाहीत.

त्याच स्वभावानं घात केला. सखाराम पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला तेव्हा मंडळी रोज संध्याकाळी घरी प्रार्थनेला यायची. "विश्वास ठेवा, ते उठून बसणार, देवानं तसं वचनच दिलंय," असं छातीठोक सांगणारे दोन-तीन जण होते. सखाराम उठला नाही. मातीहून परतल्यावर, घर माणसांनी भरलेलं असताना, आनंद म्हणाला, "ती तुमची वचनं तुमच्याकडेच ठेवा. मी यापुढे चर्चची पायरी चढणार नाही." पोरगा दुःखानं बोलत होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण चारचौघांत ऐकलेलं सगुणाबाईंना झोंबलं. त्या म्हणाल्या, "मग ऐक. तू मंडळीत परत येईपर्यंत तुझ्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही."

पुढच्या जानेवारीत ताटातून त्यांच्या हाती कार्ड आलं. दूर गेलेली तुझी लेकरं मी परत आणीन, अशा अर्थाचं. त्यांनी ते मोठ्यानं दोनदा वाचलं. ते कार्ड मशीनच्या खणात, बॉबिनांशेजारी गेलं ते तिथंच राहिलं.

आनंद ठाण्याला, घोडबंदर रोडला राहायला गेला. एकदा तो आणि त्याची बायको ऋजुता नव्या बाळाला, उर्वीला, घेऊन मोहन्याला आले होते. दारातच सगुणाबाईंनी विचारलं, "हिचा बाप्तिस्मा कधी?" आनंद उंबऱ्यावरूनच माघारी वळला. त्यानंतर रविवारी फोन तेवढा यायचा. गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे, बस्स. ऋजुता फोटो पाठवायची आणि म्हणायची, "आई, या ना एकदा." सगुणाबाई म्हणायच्या, "देव आणील त्याला. मग येईन."

रोज पहाटे त्या कार्ड हातात धरून प्रार्थना करत. कधी कधी मशीनवर बसल्या बसल्या शंकाही यायची. हे वचन खरंच माझं आहे का, की ताटात वर होतं म्हणून हाताला लागलं? सखारामच्या वेळीही लोक असंच बोलत होते की. मग भीती वाटायची आणि त्या कार्ड आणखी घट्ट धरायच्या.

या जानेवारीत उपासनेनंतर त्या चहाचा कप घेऊन रमाबाईंशेजारी बसल्या होत्या. रमाबाई त्यांच्या जुन्या शेजारीण, तोंडाला कुलूप नसलेल्या. सगुणाबाईंनी फोनवरचा उर्वीचा फोटो दाखवला. पुढचे दोन दात पडलेली पोर खळखळून हसत होती.

"आजी म्हणून ओळखते का गं तुला?" रमाबाईंनी विचारलं.

"आनंद परत आला की ओळखेल. देवाचं वचन आहे."

रमाबाईंनी कप खाली ठेवला. "सगुणे, देव म्हणाला मी आणीन. तू जाऊ नकोस, असं कुठं म्हणाला? ते तर तू म्हणालेलीस."

सगुणाबाई उठल्या आणि केक न घेताच घरी गेल्या. आठवडाभर रमाबाईंशी बोलल्या नाहीत. पण त्यांचं बोलणं मनात असं ठसठसत राहिलं की मशीनवर सरळ टीप घालता येईना. शेवटी एका दुपारी त्यांनी खणातून कार्ड काढलं आणि पुन्हा वाचलं. त्यात पाण्याचा विषय नव्हता. अट नव्हती, राग नव्हता. ते सगळं त्यांचं स्वतःचं होतं. इतकी वर्षं आपण देवाचा शब्द धरलाय म्हणत स्वतःचाच शब्द धरून बसलो, हे कळल्यावर त्यांना इतकी लाज वाटली की मशीनवर डोकं टेकून त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. फोन केला नाही, कारण केला असता तर धीर गळाला असता. कल्याणहून ठाण्याची बस, तिथून घोडबंदरची दुसरी. ती मेली गाड्यांच्या गर्दीत अशी अडकली की हलेचना. उतरून परत जावं असं दोनदा मनात आलं. पोरानं दारातूनच वळवलं तर? आपण नाही का वळवलं? त्या बसून राहिल्या.

इमारतीच्या गेटवर वॉचमननं नाव विचारून वर फोन लावला. आनंद लिफ्टमधून जवळजवळ धावतच बाहेर आला, घरातल्याच चपलांवर. केसांत पांढरे दिसत होते. फोनवर ते कळत नव्हतं.

"आई! काय झालं? बरी आहेस ना? सांगायचं तरी, मी गाडी घेऊन आलेलो असतो!"

"काही झालं नाही. वर चल."

घरात ऋजुता गडबडली, उर्वी पडद्याआड जाऊन एका डोळ्यानं बघू लागली. सगुणाबाई खुर्चीत टेकल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "आनंद, तहान लागलीय रे. पाणी दे."

आनंद जागचा हलेना. तो काहीच विसरला नव्हता. ऋजुता उठू लागली तसं त्यानं हातानंच तिला थांबवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेला. काठोकाठ भरलेला पेला आणताना थोडं पाणी फरशीवर सांडलं. सगुणाबाईंनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाला लावून त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

आनंद त्यांच्या पुढ्यात खालीच बसला. मग म्हणाला, "आई, मी चर्चला येणार नाही हं. आधीच सांगतोय."

"मी विचारलं का?"

"आणि ते तुझं कार्ड? रमामावशीनं सांगितलेलं मला."

"आहे. पर्समध्येच आहे. मरेपर्यंत सोडायची नाही मी ते." सगुणाबाईंनी त्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. "पण तुला आणायचं काम देवाचं आहे, बाळा. इथवर यायचं माझं होतं. फार उशीर केला मी."

पडद्याआडचा डोळा आता पूर्ण बाहेर आला होता. सगुणाबाईंनी रिकामा पेला तिच्याकडे धरला.

"उर्वी, आजीला अजून थोडं पाणी देतेस?"