पद्मजाच्या वाटचं फॉर्मेलीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हालाच का सांगतेय – तेही विचारू नका, मला नीटसं सांगता यायचं नाही.

मी वडूजची. टँकर आला की घागर घेऊन पळायचं, एवढाच माझा पाण्याशी संबंध. आणि मी निघाले समुद्रावर! सांगलीच्या कॉलेजातून आम्हा दोघींची निवड झाली होती – मी आणि पद्मजा. शिडांचं जहाज, त्यावर प्रयोगशाळा, आणि ठिकठिकाणचे आमच्यासारखे विद्यार्थी. शिडांचे दोर ओढायचे, डेक घासायचा, ओकायचं, पुन्हा दोर ओढायचे. सुरुवातीला मी ताटापेक्षा बादलीच जास्त पाहिली. पद्मजा माझं डोकं धरून बसायची.

ती सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. जहाजावर रात्रीचं जेवण दिवस मावळल्यावर मिळायचं, म्हणून ती उजेड आहे तोवरच काहीतरी खाऊन घ्यायची, कधी नुसती कोरडी चपाती. तिच्या घरी प्यायचं पाणी फडक्यातून गाळतात आणि फडक्यावर राहिलेलं पुन्हा विहिरीत सोडतात. त्यात जीव असतात ना, म्हणून. आणि जहाजावर आमचं काम काय? तर समुद्राचं पाणी बारीक जाळीतून गाळायचं, जाळीत राहिलेले इवलेसे जीव बाटलीत घ्यायचे आणि वरून फॉर्मेलीन ओतायचं. म्हणजे ते मरतात, पण कुजत नाहीत.

ते जिवंत असताना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लागली की पद्मजाला भूक-तहान सुचायची नाही. चित्रं तर अशी काढायची की प्रयोगशाळेचे सरसुद्धा थांबून बघायचे. पण फॉर्मेलीनची वेळ आली की बाटली नुसती धरून बसायची. एकदा हळूच म्हणाली, "माझ्या वाटचं तू ओतशील? पण पाप तुला लागंल गं."

मी हसले. म्हटलं, "लागू दे की मला."

तेव्हापासून तिच्या बाटल्यांत मीच ओतायचे, कुणाला कळू न देता. बदल्यात ती माझ्या वाटचा डेक घासायची.

मग एका संध्याकाळी जहाजाशेजारून डॉल्फिन पळायला लागले. सगळे धावले. मीही – तिच्या बाटल्या फॉर्मेलीन न ओतता तशाच पेटीत टाकून. तिथून गप्पा मारत जेवायलाच गेले. पुढे दोन-तीन दिवसांनी पेटी उघडली तेव्हा वास सुटला होता. बाटल्यांत नुसता गढूळ गाळ. ती जागा केव्हाच मागे पडली होती, आणि वाऱ्यावर चालणारं जहाज आमच्यासाठी कोण माघारी फिरवणार? बाटल्यांवर नाव पद्मजाचं.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. परतल्यावर आमच्यातल्या एकीला ते संशोधनासाठी घेणार होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी बाटल्या विसरले – ते एक वेळ जाऊ दे, विसरतं माणूस. पण पद्मजाने तोंड उघडायच्या आत मी बोलले, "सर, ती जैन आहे ना. तिला जीव मारवत नाही."

बघा – यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही. तिने विश्वासाने माझ्यापाशी ठेवलेली गोष्ट होती ती. स्वतःची कातडी वाचवायला मी ती चारचौघांत उघडी केली. कुणीतरी हसलं. सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, मग हा विषय तिच्यासाठी नाही.

पद्मजाने माझ्याकडे पाहिलं. सांगू शकत होती ती – बाटल्या हिच्याकडे दिल्या होत्या म्हणून. नाही सांगितलं. का? मला वाचवायला? की काम मुळात आपलंच होतं, असं वाटून? मी कधी विचारलं नाही. त्यानंतर ती प्रयोगशाळेत आली नाही. डेकवरच असायची, दोर ओढत. आणि तरी – मला मळमळायला लागलं की येऊन डोकं धरायची. मला तेव्हा फार लाज वाटायची. पण बोलण्याइतकी नाही.

संशोधन मी केलं. आज मुलांना समुद्र शिकवते. पद्मजा कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात फोन घेते. मागच्या महिन्यात मी तिच्या घरी गेले, सगळं सांगायचं असं ठरवूनच. नळाला फडकं बांधलेलं होतं. त्यातलं पाणी तिने मला प्यायला दिलं. म्हणाली, "तू अजून जातीस न्हवं जहाजावर? जित्ते असताना लय सुंदर दिसायचे गं ते."

मी हो म्हटलं. पाणी प्यायले आणि उठले.

पाप लागेल म्हणाली होती. त्या बाटल्यांतल्या जीवांचं लागलं की नाही, मला माहीत नाही. बाटल्या मी विसरले होते. पद्मजाला मी समजून उमजून बुडवलं.