चार रिकामी घरं

त्या हेडमास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो.

निजामाच्या अमलात तुळजापूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो, हंगामी. कायम व्हायचं तर तपासणीला येणाऱ्या साहेबांची शिफारस हवी. म्हणून उर्दू पुस्तकावरून मांजरपाटाच्या कापडावर मूलद्रव्यांचा तक्ता काढला, नावं मराठीतही घातली. तीन महिने डोळे फोडले. अणूच्या गाभ्यातला धनभार एकेकानं वाढत जातो, त्या क्रमानं घरं मांडली. चार घरं पुस्तकातच रिकामी होती. तिथं काहीतरी असणार एवढं शास्त्रज्ञांना कळलं होतं, पण नक्की काय ते माझ्या जुन्या पुस्तकात नव्हतं. मुलांना मला तीच घरं दाखवायची होती.

हेडमास्तरांनी तक्ता आपल्या खोलीत नेला आणि खाली स्वतःची झोकदार सही ठोकली. मी विचारलं तर म्हणाले, "शाळा माझी हाय, मास्तर. तुमी अजून हंगामी."

त्यांचा जन्म सरकारी नमुने भरण्यात गेलेला. रकाना रिकामा राहिला की कागद वरून परत येतो, एवढंच त्यांचं शास्त्र. तक्ता वर्गात लागला तेव्हा चारी घरं त्यांच्या अक्षरात भरलेली होती: पितळ, कासं, पोलाद, मीठ.

पितळ म्हणजे तांब्याजस्ताची मिसळ, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं नाही. आठ दिवस त्या तक्त्याखाली उभा राहून शिकवलं. देवळाच्या वाटेवर पितळेच्या भांड्यांचीच दुकानं, त्यामुळं पोरांना ते लगेच पटलं. मी मनात म्हणत होतो, येऊ द्या साहेबांना. लई गोड दिवस होते ते!

साहेब आले. त्यांचं बोट एका घरावर थांबलं.

"ये पीतल यहाँ कैसे?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे हात केला. "ह्यांनी काढलाय तक्ता, साहेब."

चोरलेलं श्रेय गळ्याशी आल्यावर परत केलं! मी शांतपणे म्हणालो, "खाली सही कुणाची आहे, तेवढं बघावं."

हेडमास्तरांचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. मी ते पोटभर पाहून घेतलं.

मग साहेब माझ्याकडे वळले. चूक तुमच्या कधी लक्षात आली, असं त्यांनी उर्दूत विचारलं.

"पहिल्याच दिवशी," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी पुढच्या बाकावरची वही उचलली, मग तिच्या शेजारची. दोन्हींत पितळ, कासं, पोलाद, मीठ, सुबक अक्षरात. खाली तपासल्याची माझी सही.

हेडमास्तरांची बदली झाली, तिचा आनंद मला अजूनही आहे. माझी शिफारस झाली नाही. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी त्या वह्या दुरुस्त करायला म्हणून शाळेत गेलो, तर शिपायानं मला वर्गात जाऊ दिलं नाही.