शकुबाईच्या पापण्या

डिंभ्याच्या धरणाकाठी आमच्या वाडीतून शकुबाईनं हाक मारली की पलीकडच्या काठाचा नाववाला वल्हं थांबवायचा. पन्नाशीची बाई, भातलावणीत सगळ्यांच्या पुढं आणि जीभ तिच्याही पुढं. "अगं ए, रोप लावतीस का बाळ निजवतीस?"

शहाण्णव सालच्या आषाढात एका सकाळी हीच बाई ओटीवर पोट धरून ओकत बसली. ओकणं थांबेचना.

आदल्या संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, सावळेरामनं, भलीमोठी मरळ धरून आणलेली. शकुबाईनं कालवण केलं आणि आमच्याकडच्या रीतीनं घरोघर वाटी पोचवली. त्यामुळं उलटीची बातमी आली तशी वाडी पांढरी पडली. शेजारचा चांगदेव पोट चोळत ओरडायला लागला, "मासा बाधला, राव! मलाबी लई गुरगुरतंय!" झालं! जो तो घशात बोटं घालून परसात वाकला. आमीपण. सगळी वाडी ओ-ओ करतेय आणि जिला खरंच होतंय तिच्याकडं कुणाचं ध्यान नाही.

सून इंद्रायणी तेवढी जवळ होती. तिनं मिठाचं पाणी पाजलं, ते नाकातून परत आलं.

"आत्या, डोळं उघडा की वो."

"उघडंच हायती," शकुबाई म्हणाली, पण शब्द नाकातून, लोळत आले. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. इंद्रायणी किंचाळली, "मामंजी, जीप बगा! त्योच मासा खाऊन आपुन समदी उभी हाओत, ह्यांची मानच ठरंना!"

घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "अजून कुणाला उलट्या?"

"साऱ्या वाडीला, सायेब!" चांगदेव.

"आपोआप?"

चांगदेवनं मान खाली घातली. "न्हाई. बोट घालून."

"बाई रात्री कुठं झोपली होती?"

"चुलीपाशी. खाली, घोंगडीवर," सावळेराम म्हणाला.

डॉक्टरांनी पापणी वर केली. सोडताच ती खाली आली. "मासा नाही. मण्यार चावलीय. झोपेत कळत नाही, खूणही दिसत नाही. आधी पोटदुखी, उलट्या. मग श्वास जातो."

सापाच्या विषावरची इंजेक्शनं दिली, तरी ओठ निळे पडले. घशात नळी घातली, तिला श्वास द्यायचा रबरी फुगा जोडला आणि गाडी पुण्याला निघाली. वाटेत फुगा दाबणाऱ्या कंपाउंडरचा हात भरून आला, तेव्हा फुगा सावळेरामच्या हातात आला.

"दाबा, सोडा. दाबा, सोडा. थांबलात की बाई गेली."

सावळेराम थांबला नाही. गाडी खड्ड्यात आदळली की "शकू!" म्हणायचा आणि फुगा आणखी घट्ट धरायचा.

पुण्यातल्या दवाखान्यात तिला मशीन लावलं. नर्स म्हणाली, "बाबा, सोडा आता. मशीन श्वास देतंय."

सावळेरामची बोटं उघडेनात. "आदी सांगा. हाय ना ती?"

"आहे. वाचेल बहुतेक."

तरी नर्सला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.